घर जुन्नरला की आहुप्याला?

निवृत्तीनंतर कुठे राहायचं, हे मी चढ आणि दवाखाना पाहून ठरवतोय. जुन्नरहून माउंटन बाइक काढली की माणिकडोहचं पाणी सोबत येतं, चावंडपाशी दम निघतो आणि घाटघर ओलांडून सातवाहनकालीन नाणेघाटाशी जमीनच संपते. खाली थेट कोकण. आंबेगावातला डिंभे जलाशयाकाठचा आहुप्याचा रस्ता याहून एकाकी, म्हणून खरं तर जास्त आवडता. पण पावसाळ्यात तिथं धुक्यात पुढचं चाक दिसत नाही आणि गुडघा रुसला तर मंचरचं उपजिल्हा रुग्णालय फार लांब. दोन्ही तालुक्यांत उसात बिबटे, त्यामुळे पहाट आणि तिन्हीसांज बाद. (बायकोला हे कारण फार आवडलं.) तेव्हा घर जुन्नरलाच, आहुपे फक्त हिवाळ्यात.