भोकांचा अँगल

घरात पहिला संगणक येतो तेव्हा त्याला टेबल मिळतं, खुर्ची मिळते, वर झाकायला कापडही मिळतं. मागून येणाऱ्यांच्या वाट्याला उरेल ती जागा. राउटर शोकेसच्या डोक्यावर, स्विच खिळ्याला टांगलेला, कुठल्याशा ऑफिसने जुन्यात काढलेला डेस्कटॉप पलंगाखाली, यूपीएस दाराआड. या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी भिंतीच्या कडेने, चपलांच्या शेजारून गेलेल्या. आमच्याकडे हेच चित्र बरीच वर्षं होतं. पुण्यातल्या कित्येक ओळखीच्या घरांत ते आजही दिसतं.

त्या डब्यांत काय आहे हे ठाऊक असल्यामुळे मला ते बघवत नसे. कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या आजीच्या ओव्या त्यांत आहेत. मुलांचे जन्मापासूनचे फोटो आहेत, गावच्या जमिनीचे सातबारे आहेत, वडिलांच्या हस्ताक्षरातल्या पत्रांची स्कॅन केलेली पानं आहेत. पूर्वी असा ऐवज फडताळात, ट्रंकेत, फार तर माळ्यावर, पण जपून राहायचा. आता तो पलंगाखाली असतो आणि रोज सकाळी ओलं फडकं त्याच्यापासून वीतभर अंतरावरून फिरतं.

यंत्रांना जागा नसण्याची ही अडचण संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर आवाज विरत जाई, म्हणून तो वाटेत वाढवणारी यंत्रं १९१४ पासून बसवायला सुरुवात झाली. ती जमेल तशी मांडली जात: फळ्यांवर, लाकडी खोक्यांत, कपाटांत. अखेर १९२२ च्या सुमारास एटी अँड टी कंपनीने माप बांधून दिलं. यंत्राची समोरची पट्टी १९ इंच रुंद, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, आणि उंची पावणेदोन इंचांच्या पटीत. या पावणेदोन इंचांना आज ‘एक यू’ म्हणतात. उभ्या खांबावरची भोकंही सारख्या अंतरावर नसतात. पाच अष्टमांश इंच, पुन्हा पाच अष्टमांश, मग अर्धा इंच, अशी चाल खालपासून वरपर्यंत चालते आणि तिघांची बेरीज बरोबर पावणेदोन येते. मला या मापाबद्दल फार आदर आहे. शंभर वर्षं उलटली, टेलिफोनची ती यंत्रं भंगारात गेली, तरी एका देशात घडलेला स्विच दुसऱ्या देशात घडलेल्या सांगाड्यात आजही नेमका बसतो. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी एकमेकांसाठी राखून ठेवलेली ही जागा आहे.

ती जागा विकत घ्यायला गेलं की मात्र खिसा चाचपावा लागतो. पुण्याच्या टापकीर गल्लीत भिंतीवर लावायच्या ६ यू, ९ यू पेट्या मिळतात, काचेचं दार आणि कुलुपासकट. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि एखादा स्विच एवढंच ठेवायचं असेल तर डोळे मिटून ती पेटी घ्यावी. पण ६ यू म्हणजे जेमतेम पावणेसत्तावीस सेंटिमीटर उंची, त्यात उभा डेस्कटॉप शिरत नाही. माणसाच्या उंचीचा, मीटरभर खोलीचा सर्व्हर रॅक घ्यावा तर तेवढ्यात आणखी एक जुना संगणक येईल, आणि दोन खोल्यांच्या घरात तो उभा करायचा तरी कुठे? जुन्या बाजारात एक यू उंचीचे सर्व्हर स्वस्तात निघतात, त्यांचाही मोह धरू नये. एवढ्या कमी उंचीत चार सेंटिमीटरचेच पंखे बसतात, आणि तेवढ्याशा पात्यांनी पुरेशी हवा ढकलायची तर मिनिटाला दहा-दहा हजार फेरे घ्यावे लागतात. त्या आवाजात शेजारच्या खोलीतही झोप लागत नाही.

नेदरलँड्समधल्या हौशी मंडळींनी यावर एक देखणा तोडगा काढला होता. आयकियाचं लॅक नावाचं चौकोनी टेबल ५५ सेंटिमीटर रुंद आणि त्याचे पाय पाच-पाच सेंटिमीटर जाड. दोन पायांमध्ये ४५ सेंटिमीटर उरतात, म्हणजे १९ इंची यंत्राचं अंग आत बसायला हवी तेवढीच जागा. पायांना स्क्रू मारले की रॅक तयार. नवी मुंबईत तुर्भ्याला २०२० मध्ये आयकियाचं दुकान उघडल्यापासून ही वाट आपल्यालाही मोकळी आहे. पण ते पाय बऱ्याच लांबीत पोकळ असतात. हलका स्विच ते सांभाळतील, जड यंत्र स्क्रूसकट बाहेर येईल.

माझं मन बसलं ते भोकांच्या अँगलवर. किराणा दुकानात, औषधांच्या दुकानामागे, शाळेच्या प्रयोगशाळेत, सोसायटीच्या ऑफिसात, सगळीकडे तो करडा लोखंडी सांगाडा उभा असतो आणि कोणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. डेमेट्रियस कोमिनो या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या, ग्रीक वंशाच्या इंजिनीअरने तो लंडनमध्ये घडवला. त्याचा छपाईचा व्यवसाय होता. गरज बदलली की आधीची मांडणी मोडून नवी करावी लागे आणि सामान वाया जाई, ते त्याला खटकत होतं. १९४७ मध्ये हा अँगल बाजारात आला. आज आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावी तो मापात कापून मिळतो, सोबत पत्रे, कोपऱ्याच्या तिकोनी पट्ट्या, नट-बोल्ट आणि पायांना घालायचे प्लॅस्टिकचे बूट. घर बदललं की सोडवून गठ्ठा बांधा, नव्या घरात पुन्हा जोडा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना याहून सोयीचं काही नाही.

आमचा रॅक जोडायला आलेल्या मुलाने माझ्या हातातला पाना काढून बाजूला ठेवला. “काका, आधी सगळे बोल्ट हातानेच लावा. पाना शेवटी.” सांगाडा डुगडुगत उभा राहिला. मग त्याने टेप घेऊन एका कोपऱ्यापासून तिरपं समोरच्या कोपऱ्यापर्यंत मापलं, नंतर दुसरा कर्ण मापला. बोटभर फरक होता. लांब पडणाऱ्या कोपऱ्याला तळहाताने एक दणका, पुन्हा टेप, पुन्हा हलका दणका, आणि दोन्ही मापं एक झाली. “आता गुण्यात आला,” म्हणाला, आणि मग पाना फिरवायला लागला, एक बोल्ट इकडचा, एक समोरचा. कापलेल्या टोकांचं उघडं लोखंड त्याने रेड ऑक्साइडने रंगवून टाकलं. पुण्यात हे केलं नाही तरी काही वर्षं निघतात. कोकणात पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

या अँगलची भोकं १९ इंची रॅकच्या भोकांशी जुळत नाहीत. म्हणून यंत्रं पत्र्यावर ठेवायची, समोरच्या पट्टीच्या कानांनी टांगायची नाहीत. घराला एवढं पुरतं. पत्र्यांमधलं अंतर मात्र सढळ हाताने सोडावं. संगणक जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ६० वॅटचं यंत्र चोवीस तास चालू राहिलं तर महिन्याला ४३ युनिट होतात, आणि तेवढी ऊब त्या कोपऱ्यात साठते. उघड्या रॅकमध्ये ती आपसूक वर निघून जाते, काचेच्या दाराआड अडकते. धूळ बसते हे खरं, पण दिसणारी धूळ पुसली जाते. जड यूपीएस सगळ्यात खाली ठेवावा, म्हणजे सांगाडा डोलत नाही. इन्व्हर्टरची पाणी घालायची बॅटरी मात्र या रॅकजवळही नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि आम्लाचे तुषार शेजारचं तांबं-लोखंड खातात. तिला मोकळ्या हवेची वेगळी जागा द्यावी. सांगाड्याला अर्थिंगही हवं, आणि ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

आता ओव्यांचा डबा मधल्या पत्र्यावर आहे, कमरेच्या उंचीला. त्याची प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर आहे, आणि ती डिस्क मुद्दाम भावाच्या घरी ठेवली आहे, कारण रॅक कितीही भक्कम असला तरी चोरी आणि आग त्याला थोपवता येत नाही. वायरींना दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या आहेत. घरात कोणीही, मी नसलो तरी, कुठली वायर कुठे जाते हे वाचू शकतं.

तुम्ही अँगल घ्यायला निघाल तेव्हा घरातल्या सर्वांत खोल डब्याचं माप घेऊन जा, आणि ते मागचे प्लग लावून घ्या. प्लग आणि वायरीचा बाक मिळून सहज दहा सेंटिमीटर खातात, आणि पत्रा एकदा कापला की वाढत नाही.