दुरुस्तीची नोंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने स्कूटरच्या इंजिनावर लेख लिहावा, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जमाखर्चाचा एक धडा मी वर्गात नव्हे, तर उद्यमबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका गॅरेजमध्ये शिकलो. तो येथे सांगतो.

आमच्या घरी 1997 सालची कायनेटिक होंडा आहे. फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी 1984 साली भागीदारी केली आणि इंदूरजवळच्या पिथमपूरला हा कारखाना काढला. गिअर नाही, लाथ मारायची गरज नाही. बटण दाबले की गाडी सुरू. 1998 साली होंडा त्या भागीदारीतून बाहेर पडली. आमची गाडी त्याच्या आदल्या वर्षीची. वडगावात आमचे दोन यंत्रमाग आहेत. व्यापाऱ्याकडून सूत आणायचे आणि विणलेल्या साड्या शहापुरात पोचवायच्या, हे काम बाबांनी इतकी वर्षे याच गाडीवर केले. पंधरा वर्षे झाल्यावर बाबांनी तिची नोंदणी पुन्हा करून घेतली, आणि पुढेही दर पाच वर्षांनी ते ती न चुकता करीत आले.

घसाऱ्याचे प्रकरण वर्गात चालू असताना मी वहीच्या मागच्या पानावर या गाडीचे गणित मांडले होते. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने दरसाल 15 टक्के घसारा धरला, तर 100 रुपयांच्या वस्तूची किंमत 27 वर्षांनी 1 रुपया 24 पैसे उरते. मी ते मोठ्या ऐटीत बाबांना दाखवले. बाबा म्हणाले, "असेल. सूत मात्र पोचतंय."

ऑक्टोबरात गाडीतून किरकिर आवाज येऊ लागला. सुटताना ती अडखळे, आणि चढावर जळक्या रबराचा वास येई. हे मला आठ-दहा दिवस माहीत होते. बाबांना सांगितले असते तर गाडी गॅरेजात गेली असती आणि आमचा राजहंसगडाचा बेत बुडाला असता. म्हणून मी बोललो नाही.

एका रविवारी मी आणि माझा मित्र यळ्ळूरवरून गडाकडे निघालो. शेवटच्या चढावर इंजिन गर्जना करू लागले, पण गाडी जागची हलेना. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. मित्रासमोर फजिती नको म्हणून मी अ‍ॅक्सिलरेटर आणखी पिळला. मिनिट-दोन मिनिटे ते बिचारे ओरडले, मग खटकन थांबले. बटण दाबले तरी आतले काही फिरेना. मागचे चाक तेवढे मोकळे होते, म्हणून उतारावर बसून आणि सपाटीवर ढकलत आम्ही संध्याकाळी घर गाठले. बाबांनी विचारले, "काय झालं रे?" मी म्हणालो, "काय माहीत, आपोआप बंद पडली."

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी डाव्या बाजूचे झाकण उघडले. या गाडीत गिअरच्या ठिकाणी दोन कप्प्या आणि एक रबरी पट्टा असतो. पुढच्या कप्पीत लहान रोलर असतात. वेग वाढला की ते बाहेर सरकतात, कप्पीच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. मागच्या कप्पीत तो तितकाच खाली उतरतो. अशा रीतीने गिअर आपोआप बदलत राहतो. हॉलंडच्या डाफ कंपनीने 1958 साली मोटारीत हीच युक्ती वापरली, आणि बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइललाही पट्ट्याचीच चाल असते. मागच्या कप्पीशी क्लच असतो. वेगाने फिरला की त्याचे शू बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या ड्रमला घट्ट धरून चाक फिरवतात.

आमच्या गाडीत या सगळ्याची काळी भुकटी झाली होती. पट्ट्याच्या कडा फाटल्या होत्या, रोलर एका अंगाने चपटे झाले होते, शूंचे अस्तर संपले होते आणि ड्रम तापून निळा पडला होता. इंजिनाची सारी ताकद घसरण्यात आणि उष्णतेत गेली. त्या उष्णतेने पिस्टन फुगून सिलिंडरला घट्ट धरला.

"इंजिन होतु," मेस्त्री कानडीत म्हणाले. सिलिंडरला पूर्वीच दोनदा बोअर झालेला; आणखी जागा नव्हती. क्रँकचे बेअरिंगही गेले होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "तम्मा, आवाज कधीपासनं येत होता?" मी म्हणालो, "लक्षात नाही." चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते मला त्या क्षणी कळले. बाबा काही बोलले नाहीत. नवी गाडी म्हणजे लाखाच्या घरातली गोष्ट, तेव्हा भंगारात निघालेल्या दुसऱ्या कायनेटिकचे इंजिन पावतीसह घ्यायचे ठरले.

इंजिन बदलणे म्हणजे नुसते नट फिरवणे नव्हे. नोंदणीपत्रात चासीचा आणि इंजिनाचा असे दोन क्रमांक असतात, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे गाडीतल्या अशा बदलाची रीतसर नोंद करावी लागते. कागदपत्रांना जोडायचा अर्ज कानडीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मराठी शाळेत शिकल्यामुळे माझे कानडी अक्षर बेताचेच. रात्री मागाजवळ बसून मी लिहीत होतो. बाबांनी विचारले, "कारण काय लिहिलंस?"

'कारण' हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. मी 'इंजिन जुने झाल्याने' असे लिहिले होते. ते मोठ्याने वाचताना माझा आवाज अडखळला. मग मी सारे सांगितले: आवाज, वास, राजहंसगड, पिळलेला अ‍ॅक्सिलरेटर. बाबांनी माग बंद केला. थोड्या वेळाने म्हणाले, "मला झाकण उघडलं तेव्हाच कळलं होतं. तू कधी सांगतोस ते बघत होतो. अर्जात 'नादुरुस्त झाल्याने' एवढं लिही. बाकीचं आपल्या घरातलं आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी मेस्त्रींच्या हाताखाली राहिलो. कागद मार्गी लागल्यावर आम्ही जुने इंजिन उतरवले. वायरी, केबली आणि पेट्रोलची नळी सोडवायची, मागचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर काढायचा, आणि शेवटी मोठा बोल्ट ओढला की इंजिन चाकासकट वेगळे होते. दुसरे चढवताना तो बोल्ट भोकात सरळ बसवायला मला पाऊण तास लागला. मेस्त्रींनी तो अर्ध्या मिनिटात बसवला असता, पण त्यांनी हात लावला नाही.

अकराव्या दिवशी गाडी सुरू झाली. हिशेब असा: इंजिन 4,500, पट्टा, रोलर आणि क्लच-शू 1,650, गॅस्केट, ऑइल वगैरे 600, मजुरी 1,000, तीही माझ्या कामाचे 500 वजा करून. शिवाय सुतासाठी रोज 120 प्रमाणे रिक्षाचे 1,320. एकूण 9,070 रुपये. आवाज आला त्याच दिवशी तोंड उघडले असते, तर यातले बरेचसे वाचले असते.

आमचे प्राध्यापक सांगतात, की खतावणीत चुकीची नोंद खोडायची नसते. ती तशीच ठेवून दुरुस्तीची नवी नोंद करायची असते. परीक्षेत मी हे दोनदा लिहिले आहे आणि गुणही मिळवले आहेत. त्याचा अर्थ मात्र मागाजवळ बसून तो अर्ज वाचताना कळला.

परवा सकाळी बाबा सूत घेऊन आले आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "सुटताना जरा वेगळा आवाज येतोय का बघ रे." मी दोन फेऱ्या मारून आलो. आवाज काही नव्हता. तसे मी त्यांना लगेच सांगितले.