बारा चित्रांचा कॅमेरा

ज्या यंत्रास फारसे काही साधत नाही त्याविषयीच माणसास अधिक जिव्हाळा का वाटावा, हे तर्काने उलगडण्यासारखे नाही. छायाचित्रणात पारंगत झालेल्या गृहस्थांपुढे जुन्या पेटीवजा कॅमेऱ्याचे नाव काढले की ते सौम्यपणे हसतात, आणि त्यांचे हसणे अगदीच अस्थानी आहे असेही म्हणवत नाही. एकच भिंग, शटरचा एकच वेग, आणि दूरजवळ जुळवून घेण्याची सोय मुळीच नाही. अशा यंत्राकडून कलाकृतीची अपेक्षा कोणी करावी? तथापि त्या यंत्राने आमच्या घरात जे एक काम करून ठेवले आहे, ते आजच्या चतुर कॅमेऱ्यांच्या हातून झाले नसते असे आमचे मत आहे.

या कुळाची मूळमाता म्हणजे ईस्टमन कोडॅक कंपनीची ‘ब्राउनी’. १९०० साली ही पुठ्ठ्याची पेटी अमेरिकेत एका डॉलरला मिळू लागली, आणि तोवर हौशी धनिकांची व धंदेवाईकांची असलेली कला शाळकरी मुलांच्या हाती गेली. आपल्याकडे हे कुळ पुष्कळ घरांत शिरले ते ‘आग्फा क्लिक थ्री’ या नावाने. तो कॅमेरा बडोद्यास तयार होई. आमच्या वाईच्या वाड्यातही वडिलांनी याच जातीचा एक कॅमेरा आणला होता.

त्याची रचना एकदा सांगितली पाहिजे. १२० क्रमांकाची फिल्म, तिच्यासोबत गुंडाळलेला कागद, त्या कागदाच्या पाठीवर छापलेले आकडे, आणि ते दिसावेत म्हणून पेटीच्या मागे एक लहानशी तांबडी काच. किल्ली फिरवीत राहावे, आकडा काचेच्या मध्यावर आला की थांबावे. शटर सेकंदाच्या तिसाव्या ते पन्नासाव्या भागाइतके उघडे राही. एवढ्या अवधीत चालत्या माणसाचा हात अंगुलभर तरी पुढे सरकतो. सबब जे हलेल ते धूसर येणार, हे ठरलेलेच. भिंग साधे असल्यामुळे चित्राचा मध्य तेवढा रेखीव आणि कडा मऊ. कित्येक कॅमेऱ्यांत हा दोष कमी व्हावा म्हणून फिल्म मागच्या बाजूस किंचित वाकवून धरीत, तरी तो समूळ जात नसे. आणखी एक गोष्ट अशी की, डोळा लावण्याची खिडकी व भिंग या दोहोंच्या जागा भिन्न असल्यामुळे खिडकीत दिसे ते आणि फिल्मीवर उमटे ते तंतोतंत एक नसे. दूरच्या डोंगरास याने काही बाधत नाही. आठ-दहा फुटांवरच्या माणसांच्या बाबतीत मात्र, जे घ्यावयाचे ते कधी सुटे आणि जे घ्यावयाचे नाही ते आत येई. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

फिल्म बहुधा ‘इंदू’ असे. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यात ती निघे. तो कारखाना पुढे बंद पडला. चंद्राचे नाव धारण करणाऱ्या त्या फिल्मीस आमच्या कॅमेऱ्यात सूर्यावाचून मात्र क्षणभर चालत नसे, याची आम्हांस नेहमी मौज वाटे.

चौरस चित्रे बारा. तेरावे नाही. यामुळे कार्यप्रसंगी घरात जी चर्चा होई ती अंदाजपत्रकाच्या चर्चेहून कमी गंभीर नसे. १९७८ सालच्या वैशाखात थोरल्या बंधूंच्या मुलाची मुंज होती. वडिलांनी आदल्या रात्री कागदावर वाटप केले: बटूची तीन, विहीणबाईंकडील मंडळींचे एक, घरच्यांचे एक, याप्रमाणे. मातृभोजन व्हावयाचे माजघरात, आणि माजघरात कॅमेऱ्यास अंधार. म्हणून ते चित्र आदल्याच दिवशी चौकात, भर उन्हात, रिकाम्या ताटापुढे वहिनींना व मुलाला बसवून आम्ही काढून ठेवले होते. मुलाने खोट्या घासासाठी इतका मोठा आ केला की ते चित्र पाहून आजही घरात हशा पिकतो.

वाटपात एक नाव नव्हते, ते आमच्या आत्याचे. लहानपणी वैधव्य आलेली, जन्मभर आमच्याच घरी राबलेली ती बाई. मंगलकार्याच्या चित्रात आपण असू नये अशी तिची समजूत होती, आणि त्या समजुतीचा प्रतिवाद घरात कोणी केला नाही. कॅमेरा दिसला की ती स्वयंपाकघरात जाई. “मला कशाला त्यात?” एवढेच म्हणे.

मुंज लागल्यावर बटूला दंड घेऊन चौकात उभा केला आणि आम्ही अकरावे चित्र घेतले. आठ दिवसांनी छापून आले तेव्हा त्याच्या उजव्या कडेला आत्या होती. खिडकीतून ती आम्हांस दिसली नव्हती, भिंगास दिसली. तांब्या धरलेला हात म्हणजे नुसती एक पांढरट रेघ, लुगड्याचा काठ विरघळल्यासारखा, चेहरा अर्धवट वळलेला आणि तोंड उघडे, कारण ती त्या क्षणी बोलत होती. काय बोलत होती तेही वहिनींच्या पक्के स्मरणात आहे: “अरे, पोराला उन्हात किती वेळ उभा करशील!” आत्याने चित्र पाहिले आणि तेवढा तुकडा कापून टाकण्यास सांगितले. आई म्हणाली, “कापला तर मुलाचा दंडही जाईल.” अशा रीतीने एका पळसाच्या काठीमुळे ते चित्र वाचले. १९८१ साली आत्या गेली. तिचे दुसरे चित्र नाही.

त्या बटूचा मुलगा आता पुण्यास संगणकाच्या नोकरीत आहे. गेल्या वर्षी त्याने मोठ्या प्रेमाने ते चित्र नेले आणि कृत्रिम बुद्धीकडून सुधारून, मोठे करून, चौकटीत घालून वहिनींपुढे ठेवले. हात स्पष्ट, काठाची वीण स्पष्ट, डोळे पाणीदार, मुद्रा शांत, ओठ मिटलेले. वहिनींचे वय आज अठ्ठ्याहत्तर. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, “सुरेख झाले आहे रे. पण या बाई कोण?”

मुलगा हिरमुसला. पुढे आमच्याशी वाद घालू लागला. “आजोबा, मूळ चित्रात चेहरा आहे कुठे? जो नव्हता तो आणला, यात बिघडले काय?”

आम्ही त्यास शाकुंतलाच्या सहाव्या अंकाची गोष्ट सांगितली. दुष्यंत शकुंतलेचे चित्र काढतो आणि ते अपुरे आहे असे त्यास वाटते; कानातले शिरीषाचे फूल राहिले, मालिनी नदी राहिली, हरिणे राहिली. त्यासही चित्र पुरे करावयाचे होतेच. परंतु तो जे भरू पाहत होता ते त्याच्या आठवणीत होते. यंत्राने भरले ते कोणाच्या आठवणीतले? हजारो परक्या चेहऱ्यांची सरासरी काढून त्याने आमची आत्या घडविली होती. सूर्याने सेकंदाच्या पन्नासाव्या भागात जेवढे दिले तेवढे थोडे खरे, पण ते तिचेच होते.

मुलगा गप्प राहिला नाही, आणि त्याने जे विचारले ते आम्हांस लागले. “तुम्हाला आणि आजीला त्या धूसर डागात त्या दिसतात. तुमच्यानंतर आम्हांला काय दिसणार?”

याचे उत्तर कॅमेऱ्यापाशी नाही. साध्या कॅमेऱ्याचे कौतुक करणाऱ्या लेखांत हा प्रश्न आम्ही वाचलेला नाही. त्यांत मऊ कडांच्या काव्याचेच वर्णन फार. हल्ली तर हाँगकाँगच्या ‘होल्गा’सारखे प्लास्टिकचे कॅमेरे दोषांसाठीच मुद्दाम विकत घेतात, आणि मोबाइलवर ते दोष वरून रंगवूनही मिळतात. हौसेस मोल नाही, पण रंगविलेल्या दोषाच्या कडेला कोणाची आत्या येत नाही.

उत्तर वहिनींनी दिले. त्या सांगत गेल्या: डाव्या भुवईवर देवीचा व्रण, पुढचा एक दात किंचित आडवा, उंची वहिनींच्या खांद्याइतकी, आवाज बारीक पण घरभर ऐकू जाणारा, जेवणावळीत वाढावयास पुढे नसे, पण मीठ कमी पडले आहे हे पंगतीच्या आधी तिलाच कळे. मुलाने मूळ छाप उलटा करून पाठीवर पेन्सिलीने हे सगळे लिहिले. जागा पुरली नाही, तेव्हा एक कागद चिकटविला. शाईने लिहू नये, पुढच्या बाजूस उतरते, एवढे आम्ही सुचविले.

सुधारलेले चित्र त्याच्या पुण्याच्या घरी आहे. मूळ छाप व निगेटिव्ह येथे आमच्या कपाटात आहेत. जाताना त्याने कॅमेरा मागितला. १२० ची फिल्म अद्यापि निघते. मिळण्यास खटपट पडते आणि किंमत ऐकून वडिलांनी वाटपाचा कागद अधिकच काळजीपूर्वक लिहिला असता. रोल आला आहे. पहिले चित्र वहिनींचे घ्यावयाचे ठरले आहे. त्या तुळशीपाशी जात असतील तेव्हा घ्यावे, बसवून नव्हे, असे त्याचे म्हणणे. चौकात ऊन अकरानंतर येते, एवढे त्यास कळविले आहे.