वाऱ्याची जागा

प्रत्येक वस्तूस तिची अशी एक जागा असते, हें आपण घरांत नित्य पाहतों. पण त्याचा विचार क्वचितच करितों. आमच्या जळगांवच्या घरीं पाण्याचा माठ कोठें ठेवावा हें माझी आई दर उन्हाळ्यांत नव्यानें ठरवीत असे. तो सावलींत हवा, पण वाऱ्यांतहि हवा. चुलीपासून दूर हवा, पण येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत येतां कामा नये. खानदेशांतील मे महिना ज्यांनीं भोगिला आहे त्यांस या गोष्टीचें महत्त्व सांगावयास नको. परंतु वीस वर्षें वर्गांत उष्णतेचे नियम शिकवूनहि आईचें हें साधें शास्त्र मी एका प्रसंगीं विसरलों, आणि त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थ्यास द्यावी लागली. ती हकीकत येथें सांगावी असें मनांत आहे.

हा विद्यार्थी धुळ्यास आग्रा रस्त्यालगत मोटारदुरुस्तीचें लहानसें गॅरेज चालवितो. जुन्या मोटारी घेऊन त्यांस अधिक जोमदार करण्याचा त्यास नाद आहे. गेल्या हिवाळ्यांत त्यानें एक मोटार शर्यतीच्या मैदानासाठीं तयार करावयास घेतली. तिचा गिअरबॉक्स स्वयंचलित होता. अशा मोटारींत एंजिन व गिअर यांच्यामध्यें तेलानें भरलेलें एक यंत्र असतें. एंजिनाबरोबर फिरणारें एक पात्यांचें चक्र तेलाचा झोत दुसऱ्या चक्रावर फेकतें व त्या झोतानें तें दुसरें फिरूं लागतें. पहिल्यापेक्षां दुसरें जितकें मागें राहतें, तितकी शक्ति वाया जाऊन तेलांत उष्णतेच्या रूपानें उतरते. हें तेल 80 ते 95 अंशांपर्यंत सुखानें काम करितें. 120 अंशांच्या पुढें तें लवकर खराब होऊं लागतें, आणि त्याबरोबर सर्व यंत्रहि. म्हणून जोर वाढविलेल्या मोटारीस तेल निवविणारी एक वेगळी जाळी, म्हणजे कूलर, बसवावा लागतो. तो कोठें बसवावा, हें त्यानें मला विचारिलें.

मीं क्षणाचाहि विलंब न लावितां सांगितलें, “अरे, रेडिएटरच्या पुढें बसव. सर्वांत ताजा वारा तेथेंच लागतो.” त्यानें तसेंच केलें.

एप्रिलच्या अखेरीस एके दुपारीं आम्ही दोघे ती मोटार घेऊन चाळीसगांवहून कन्नडचा घाट चढूं लागलों. 1825 सालीं खानदेशांत भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमच्या नांवावरून यास औट्रम घाटहि म्हणतात. तेलाचा कांटा 88 अंशांवर स्थिर होता, आणि मी मनांतल्या मनांत फुशारून गेलों होतों. इतक्यांत एंजिनाच्या पाण्याचा कांटा लाल रेषेपलीकडे गेला, वाफेचा लोट उठला व मोटार थांबली. एंजिनाचें गॅस्केट जळालें होतें. दुरुस्तीस त्याची सांठविलेली बहुतेक रक्कम गेली व शर्यतीचा दिवसहि हुकला.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे असतां एक वृद्ध ट्रकचालक थांबला. त्यानें आंत डोकावून पाहिलें व अहिराणींत म्हणाला, “मास्तर, पुढला तपना ते मांगलाले काय थंड वारा भेटी?” एवढ्या एका वाक्यांत माझी चूक त्यानें सांगितली. तेलानें आपली उष्णता ज्या वाऱ्यास दिली तोच तापलेला वारा मागच्या रेडिएटरला मिळत होता. घाटांत एंजिनाचे श्रम सर्वांत अधिक, आणि मोटारीची गति कमी म्हणून वारा सर्वांत थोडा. उष्णता नाहींशी होत नाहीं, ती दुसऱ्याकडे जाते, हा नियम मी दरवर्षीं फळ्यावर लिहीत आलों होतों!

खरी लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. विद्यार्थी मला म्हणाला, “सर, माझीच चूक. मीं पंखा मोठा घ्यावयास हवा होता.” आणि मी गप्प राहिलों. घरीं आलों, वर्ग तपासावयाचे पेपर तपासले, रविवारीं उपासनेस गेलों. पण तें मौन जिवाला डाचत होतें. पापाची कबुली द्यावी असें मुलांस शिकविणारा मी, एका जाळीची कबुली देऊं शकत नव्हतों. अखेर पुढच्या शनिवारीं एस.टी. धरली आणि एरंडोल, पारोळें मागें टाकून धुळें गांठलें. “चूक माझी होती. तूं विचारिलेंस तेव्हां मीं तुला अर्धें उत्तर दिलें,” असें सांगून खर्चाचा कांहीं भाग मी देऊं लागलों. पैसे त्यानें घेतले नाहींत. तो म्हणाला, “सर, पैसे राहूं द्या. थर्मामीटर घेऊन माझ्याबरोबर बसा.”

मग आम्हीं एकेक जागा तपासली. रेडिएटरच्या मागें वारा आधींच तापलेला. मोटारीच्या तळाशीं धुराच्या नळीची धग व रस्त्यावरचे खडे. शेवटीं पुढील बंपरच्या डाव्या कोपऱ्यांत, चाकाच्या पुढें, जागा ठरली. तेथें वारा येण्यास तोंड केलें, खड्यांसाठीं बारीक जाळी लाविली, आणि वारा बाहेर पडावा म्हणून चाकाकडील पडद्यास झरोके पाडले. कारण एकाच खिडकीच्या खोलींत वारा खेळत नाहीं. घाटांतील मंद गतीसाठीं एक विजेचा पंखा दिला. नळ्या धगीपासून दूर नेऊन रबरांत बसविल्या. शिवाय हिशेब मांडला तो असा : तेल 90 अंशांवर असतां हिवाळ्यांतील 25 अंशांच्या हवेशीं त्याचें अंतर 65 अंशांचें, मे महिन्यांतील 45 अंशांच्या हवेशीं तें 45 अंशांचेंच. म्हणजे जाळीचें काम जवळजवळ एकतृतीयांशानें घटलें. म्हणून जाळीहि एक माप मोठी घेतली.

मे महिन्यांत तोच घाट त्याच वेळीं पुन्हा चढलों. तेल या वेळीं 94 अंशांपर्यंत गेलें. पहिल्याहून सहा अंश अधिक. पण एंजिनाचा कांटा मधोमध राहिला आणि कन्नड आलें. तेलासाठीं जी जागा सर्वांत उत्तम, ती सबंध मोटारीसाठीं उत्तम नव्हती.

प्रभु येशूनें सांगितलेल्या दाखल्यांत दोघे घरें बांधितात. पाऊस येईपर्यंत दोन्ही घरें सारखींच दिसतात. भेद असतो तो जागेचा. आमची पहिली जाळीहि धुळ्याच्या सपाट रस्त्यावर निर्दोष दिसत होती. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांस घरांत, वर्गांत किंवा खेळांत सर्वांच्या पुढें उभें राहावेंसें वाटत असेल. अवश्य उभे राहा. पण आपण अडविलेला वारा मागें कोणास हवा आहे, हें एकदां वळून पाहा. आणि तुमच्या शिक्षकांचें उत्तर कधीं अर्धें आहे असें दिसलें, तर तें त्यांना सांगा. त्यांना राग आला तरी तो फार दिवस टिकणार नाहीं, हें मी स्वानुभवानें सांगतों.