डॅशबोर्डावरचे देव

ट्रकच्या पाठीमागे काय लिहिलेले असते यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. शेरोशायरी, काळ्या बाहुल्या, टांगलेला जोडा हे सगळे मागून येणाऱ्यासाठी. ड्रायव्हरच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर मात्र दिवसाचे दहा-बारा तास असतो तो डॅशबोर्ड. देव तिथे, उदबत्ती तिथे, डिझेलच्या पावत्या, चुन्याची डबी आणि चष्माही तिथेच. घरात देवघर, फडताळ आणि खुंटी मिळून जे काम करतात ते ट्रकमध्ये ही एकच फळी करते.

माझे मामा निपाणीचे. त्यांच्याकडे १९९८ सालचा एक छोटा ट्रक आहे. आधी तो तंबाखूच्या वखारींची पोती वाहायचा, पुढे कोल्हापूरला गूळ नेऊ लागला आणि गेली पंधराएक वर्षे बेळगावची भाजी घेऊन गोव्यात येतो. आपल्या बाजारातली कोबी, गाजरे, मिरच्या कोणत्या वाटेने येतात याचा आपण विचार करत नाही. घाटात दरड कोसळली आणि भाव चढले की तेवढ्यापुरता करतो.

यंदाच्या मे महिन्यात निपाणीला गेलो तेव्हा घरात त्या ट्रकवरूनच धुसफूस चालली होती. डॅशबोर्डाला मोठी चीर गेली होती. मामेभावाचे म्हणणे, गाडी आता विकावी, आणि विकायची तर जुना डॅशबोर्ड काढून भंगारवाल्याकडून बरा दिसणारा दुसरा आणून बसवावा. मामांचे म्हणणे एवढेच, "त्यो काढायचा न्हाई." कारण सांगत नव्हते. बाप-लेकांत बोलणे कमी झाले होते आणि दोघेही माझ्याकडे पाहून बोलत होते.

कारण मला केबिनमध्ये चढल्यावर कळले. डॅशबोर्डावर तीन तसबिरी होत्या, तिन्ही स्क्रूने पक्क्या केलेल्या. पहिली सौंदत्तीच्या रेणुकेची. गाडी घेतली त्याच आठवड्यात मामींनी ती स्वतः उभ्या राहून बसवून घेतली होती. दुसरी कोल्हापूरच्या अंबाबाईची, गुळाचे भाडे लागले तेव्हाची. तिसरा आपला मंगेश. अनमोड घाट उतरून फोंड्याच्या बाजारात भाजी उतरवायची आणि पुढे पणजीकडे जाताना मंगेशीला हात जोडायचे, असा नेम पडला तेव्हाची. नवी वाट धरली की त्या वाटेचा देव यायचा. आणि चीर गेली होती ती नेमकी रेणुकेच्या स्क्रूपासून अंबाबाईच्या स्क्रूपर्यंत, तिथून मंगेशाच्या दिशेने. मामी जाऊन तीन वर्षे झाली आहेत.

यात देवांचा दोष नाही, भोकांचा आहे. पूर्वी कंपनीकडून इंजिन, चेसिस आणि पुढचा थोडा भाग येई. बाकीची केबिन आपल्याकडचे मिस्त्री लाकूड आणि पत्रा ठोकून तयार करीत. पत्र्याच्या डॅशबोर्डाला पोचे पडत, तो गंजे, पण तडकत नसे. पुढे प्लास्टिक आले. ते हलके आणि देखणे, पण उन्हाला भिणारे. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या तुटत जातात आणि ते ठिसूळ होते. दिवसा ते तापून फुगते, रात्री आकसते, वर डिझेल इंजिनाची थरथर. हा सगळा ताण जिथे आधीच भोक आहे तिथे एकवटतो आणि तिथूनच तडा सुरू होतो. कोणत्याही कंपनीच्या गाडीचे हेच.

शेवटी मी म्हटले, "मामा, बदलायचा नाही तर दुरुस्त तरी करू या." यावर दोघांचेही एकमत झाले, तेही माझ्याकडे पाहूनच.

काम अंगणातल्या आंब्याखाली तीन दिवस चालले. पहिली गोष्ट म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. मग स्पीडोमीटरची केबल, मग एकेक वायर. मामांनी प्रत्येक जोडाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. परत जोडताना डोके खाजवावे लागले नाही. तसबिरी त्यांनी स्वतः सोडवल्या आणि आत देवघरात नेऊन ठेवल्या. डॅशबोर्ड मग साबणाच्या पाण्याने खसाखसा धुतला. पंचवीस-सव्वीस वर्षांचे उदबत्तीचे तेल आणि धूळ निघाली.

पुढचा प्रश्न, प्लास्टिक कोणते? त्याची सोपी परीक्षा आहे. आतल्या बाजूचा एक टवका काढून पाण्यात टाकायचा. तरंगला तर बहुधा पॉलीप्रॉपिलीन. त्याला साधा गोंद धरत नाही, वितळवूनच जोडावे लागते. बुडाला आणि ॲसिटोनचा थेंब टाकल्यावर चिकट झाला तर एबीएस. आमचा बुडाला आणि चिकटही झाला.

मग मामेभावाने ड्रिल घेतले आणि चिरेच्या अगदी टोकाशी, जिथे ती मंगेशाकडे निघाली होती तिथे, ३ मिलिमीटरचे एक गोल भोक पाडले. मामा ओरडलेच, "अरं, भोकानंच फाटलंय आनि तू आनि भोक पाडतोस व्हय!" पण शास्त्र तेच सांगते. चिरेचे टोक सुईसारखे असते, सगळा ताण त्या टोकावर येतो म्हणून ती पुढे सरकते. टोकाला गोलाई दिली की ताण पसरतो आणि चीर थांबते. पोराने हे बापाला पाटीवर खडूने काढून दाखवले. त्या दिवशी दोघे पहिल्यांदा एकमेकांकडे पाहून बोलले.

मागच्या बाजूने चिरेला व्ही आकाराची खाच केली. चहाच्या जुन्या स्टीलच्या गाळणीची जाळी कापून तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये दाबून बसवली. सिमेंटच्या स्लॅबमध्ये सळी घालतात तसेच हे. आयर्न पूर्ण थंड करून लांब ठेवले आणि मगच ॲसिटोनची बाटली उघडली, कारण ते भडकन पेट घेते. तुटक्या एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवले की दाट खळ तयार होते. ती पातळ पातळ थरांत भरायची. ॲसिटोन उडून गेले की थर आकसतो, म्हणून घाई करायची नाही. हे सगळे उघड्यावर, नाकाला फडके बांधून.

थर वाळेपर्यंत आम्ही सोप्यात बसायचो. निपाणीत बसल्यावर सीमाभागाचा विषय निघणारच. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातले निपाणी म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचवले, पण बेळगाव कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्या गोव्याचा जनमत कौल त्याच १९६७ च्या जानेवारीतला. आपण एकदाच मत देऊन मोकळे झालो, ते कोणत्याही बाजूने दिले असो. इथल्या माणसाला तसे कोणी विचारले नाही. मामांच्या गाडीची कागदपत्रे कन्नडमध्ये, नंबर केए-२३, घरात मराठी, रेणुकेकडे जाताना कन्नड.

याच गावात महादेव मोरे राहिले. पिठाची गिरणी चालवता चालवता त्यांनी टॅक्सी ड्रायव्हर, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, देवदासी यांच्यावर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. २०२४ साली ते गेले. मामा फारसे वाचत नाहीत, पण मोऱ्यांचे नाव निघाले तेव्हा म्हणाले, "त्यास्नी गाड्यांतलं कळत हुतं." निपाणीत यापेक्षा मोठी दाद नसावी.

तिसऱ्या दिवशी वरून लांबी भरली, १२० पासून ४०० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने घासली, प्रायमर मारला आणि वर काळा मॅट रंग. चकचकीत रंग मारू नये. उन्हात त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि रस्ता दिसत नाही. आणखी एक सांगून ठेवतो. नव्या गाड्यांत डॅशबोर्डाच्या आत एअरबॅग असते. तिथे असले घरगुती उद्योग करायचे नाहीत.

आता प्रश्न राहिला तसबिरींचा. जुनी भोके बुजली होती. मामेभाऊ नवी पाडायला तयार नव्हता आणि बोलायलाही कचरत होता. मामा आतून तिन्ही तसबिरी घेऊन आले, थोडा वेळ त्या काळ्याभोर फळीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "देवाला कशाला भोक लागतंय? ती दोन्हीकडनं चिकटनारी पट्टी आन." पोरगा सायकलवर टांग मारून गेला, घेऊन आला. रेणुका आधी लावली. हात पोराचा होता, जागा मामांनी बोटाने दाखवली.

गाडी विकायची की नाही हे त्यांनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. निघताना मामेभाऊ एवढेच म्हणाला, "दादा, चवथीच्या भाजीला यंदा मीच येतो." तेव्हा चवथीआधी फोंड्याच्या बाजारात केए-२३ चा एखादा म्हातारा ट्रक भाजी उतरवताना दिसला तर काचेतून जरा आत डोकावून पाहा. तिरक्या उजेडात रेणुकेपासून अंबाबाईपर्यंत एक बारीक रेघ अजून दिसते. मंगेशाच्या अलीकडे ती थांबली आहे.