नेपल्सच्या किनाऱ्यावर सात दिवस

दोस्तांनो, घरात ॲटलास असेल तर काढा आणि पुढ्यात घेऊन बसा. इटलीचा बूट सापडला? आता त्या बुटाच्या नडगीवर बोट ठेवा. तिथं समुद्रानं जमिनीचा एक मोठा अर्धगोल चावा घेतलाय, बिस्किटाचा घ्यावा तसा. तो नेपल्सचा उपसागर. त्याच्या तोंडाशी तीन बेटं आहेत: प्रोचिदा, इस्किया आणि काप्री. काठावर व्हेसुव्हियस ज्वालामुखी बसलाय, आणि खालच्या बाजूला सोरेंटो आणि आमाल्फीचा डोंगराळ किनारा आहे.

माझी भाची सातवीत आहे. घरात काही वर्षं साठवलेले पैसे आणि बाबांची रजा यांचा एकदाचा मेळ बसला आणि मे महिन्यात तिथं जायचं ठरलं. दिवस फक्त सात! मी पूर्वी एकदा जाऊन आलेलो, म्हणून बाईसाहेब वही घेऊन माझ्याकडे हजर. आईबाबा आणि आजोबा बरोबर जाणार होते, पण बेत आखायचं खातं तिच्याकडे.

वही उघडली आणि मला हसूच आलं. सात दिवसांत तिनं अकरा ठिकाणं कोंबली होती. आणि शेवटच्या दिवशी काय, तर ‘सकाळी काप्री, रात्री विमान’.

‘‘हे आधी खोड,’’ मी म्हणालो.

का, ते ऐका. पानात वाढलेलं श्रीखंड आपण शेवटी खातो ना, तसं मीही काप्री शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. सोरेंटोहून लाँचनं अर्ध्या तासात पोचलो. दुपारी वारा सुटला. लाटा काही फार मोठ्या दिसत नव्हत्या, पण धक्क्यावरच्या फळ्यावर एकेका लाँचपुढे ‘रद्द’ असं झळकू लागलं. माझं सामान सोरेंटोत, विमान नेपल्सहून आणि मी बेटावर! विमान माझ्यावाचून गेलं. नवीन तिकिटाला किती पैसे पडले हे मी अजून घरी नीटसं सांगितलेलं नाही.

कोकणातल्या मुलांना भरती-ओहोटी सांगावी लागत नाही. तिथि पाहून पाणी कधी चढेल हे आजी सांगते. भूमध्य समुद्रात मात्र हा हिशेब फारसा चालत नाही. हा समुद्र जवळजवळ सगळीकडून जमिनीनं वेढलेला. नेपल्सच्या बाजूला भरतीचं पाणी जेमतेम फूटभर चढतं. तिथं मालक एकच, वारा.

काप्रीच्या प्रसिद्ध निळ्या गुहेचंही तसंच. गुहेचं तोंड पाण्यावर साधारण एक मीटर उंच. लहानशा होडीत आपण चक्क आडवं पडायचं, नावाडी भिंतीची साखळी धरून होडी आत ओढतो. आत शिरलात की खालचं पाणी निळंशार पेटलेलं! दिवा नाही की रंग नाही. गुहेच्या तोंडाखाली, पाण्याच्या आत, आणखी एक मोठं भोक आहे. ऊन त्यातून पाण्यातून गाळून आत येतं. पाणी उजेडातला तांबडा भाग शोषून घेतं, निळा तेवढा उरतो. पण लाटा जरा उसळल्या की होडी आत जाऊ शकत नाही आणि गुहा बंद. म्हणून काप्री बेताच्या सुरुवातीला घ्यावं. एक दिवस फुकट गेला तर पुढचे हाताशी राहतात. आम्ही काप्री सोमवारी टाकलं.

आता पोत्झुओली. हे नाव भाचीच्या वहीत नव्हतंच, बहुतेक प्रवाशांच्याही नसतं. नेपल्सहून लोकलनं अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. तिथं रोमन लोकांच्या बाजारपेठेचे तीन उंच संगमरवरी खांब उभे आहेत. नीट पाहिलंत तर खांबांवर, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, बारीक भोकांचा पट्टा दिसतो. ही भोकं दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी पाडलीत. समुद्रातला प्राणी खांबावर चढला कसा? चढला नाही. अख्खी जमीनच खांबांसकट पाण्यात बुडाली आणि शेकडो वर्षांनी पुन्हा वर आली. जमिनीखाली ज्वालामुखी आहे, तो जणू श्वास घेतो. चार्ल्स लायेल या शास्त्रज्ञानं 1830 साली भूविज्ञानाचं आपलं गाजलेलं पुस्तक छापलं, त्याच्या पहिल्या चित्रात हेच खांब आहेत. आणि ही जुनी गोष्ट नव्हे बरं का! 1982 ते 1984 या दोन वर्षांत इथली जमीन पावणेदोन मीटरच्या आसपास वर आली. बंदर उथळ झालं, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. 2005 पासून ती पुन्हा हळूहळू चढते आहे.

पाँपेईबद्दल शाळेत वाचलंच असेल. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसनं ते शहर राखेखाली गाडलं. अठरा वर्षांखालच्या मुलांना तिथं तिकीट पडत नाही, पासपोर्ट मात्र जवळ हवा. दोन कानगोष्टी: टोपी न्या, कारण सावली नाही, आणि नेपल्सचं पुराणवस्तू संग्रहालय गाळू नका. पाँपेईच्या एका घरात 1938 साली हस्तिदंताची वीतभर उंचीची एक बाहुली सापडली, ती तिथं आहे. दागिने ल्यालेली, आपल्याकडची! तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. राख पडण्याआधी ती गलबतातून इतक्या लांब गेली होती. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

या मंगळवारावरूनच आमच्या घरात पेच पडला.

भाचीला स्ट्रॉम्बोली हवं होतं. ते बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीच. थोड्या थोड्या वेळानं लाल निखारे उडवतो, म्हणून खलाशी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणत. पण तिथं नेपल्सहून रात्रभराची बोट. जाऊन यायला किमान दोन दिवस हवेत. तिनं मंगळवार-बुधवार रंगवूनसुद्धा ठेवले होते.

एके संध्याकाळी आजोबांनी वही मागून घेतली, मंगळवारच्या रकान्यात पेन्सिलीनं ‘कासिनो’ लिहिलं आणि वही परत दिली.

कासिनो किनाऱ्यावर नाही. नेपल्सहून आगगाडीनं दीड-दोन तास आत. 1944 साली तिथं दुसऱ्या महायुद्धातली मोठी लढाई झाली. इटलीत हिंदी पलटणी लढल्या, त्यात मराठा पलटणीही होत्या. ज्या सैनिकांची कबर सापडली नाही अशा चार हजारांहून अधिक जणांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचंही नाव तिथं आहे. आणि आजोबांच्या सख्ख्या चुलत्यांचंही. घरी तार आली, एवढंच. आजोबा त्यानंतर तीन वर्षांनी जन्मले. त्यांना नाव चुलत्यांचंच ठेवलं.

भाची दोन दिवस घुश्शात होती. मी मध्ये पडलो नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, ‘‘आजोबा, तिथं किती वेळ लागेल?’’

‘‘पाच मिनिटं. नाव वाचायला किती लागतात?’’

‘‘आणि त्या पाच मिनिटांसाठी माझा ज्वालामुखी?’’

‘‘हो,’’ आजोबा म्हणाले. तेवढंच.

तिनं रबर घेतलं. स्ट्रॉम्बोली वहीच्या शेवटच्या पानावर गेलं. रंग मात्र खोडता आला नाही, त्यामुळं ‘कासिनो’ लाल ज्वालामुखीवरच लिहिलेलं दिसतं. बुधवारी संग्रहालय आणि पोत्झुओली, गुरुवारी पाँपेई करून सोरेंटो, शुक्रवारी आमाल्फी. आमाल्फीचा रस्ता कड्याला चिकटून वळणं घेत जातो आणि आजोबांना बस लागते, म्हणून जाताना-येताना लाँच. शनिवारी परत. शनिवारी काहीही नाही, हे तिनं माझ्याकडे बघत दोनदा अधोरेखित केलं.

नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटतो, हे तुम्ही केलंच असेल. सामानाच्या यादीत तिनं मंगळवारच्या नावानं लिहिलंय: पातळ कागद चार, मऊ पेन्सिली दोन. एक छाप आजोबांना, एक गावच्या घरी भिंतीवर लावायला. उरलेले दोन चुकले तर असावेत म्हणून.