डिप्पर

आमच्या शाळेतल्या शिक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सुट्टीचं परिपत्रक तिथे दुसऱ्या दिवशी पोचतं, पण ‘नाक्यापुढे मामा उभे आहेत’ हा निरोप दोन मिनिटांत.

मंगरूळपीर, कारंजा, मालेगाव, वाशीम, कुठल्याही रस्त्याला रोज जाणाऱ्याला या जागा पाठ असतात. पुलाचा उतार संपतो तिथे. वळणानंतरच्या बाभळीच्या सावलीत. लांब सरळ रस्त्यावर, जिथे पाय आपोआप दाबला जातो. इंटरसेप्टर गाडीतली स्पीडगन लांबूनच वेग टिपते. आपल्याला ती गाडी दिसून ब्रेक लागेपर्यंत मोजणी झालेली असते. मग मोबाईलवर चलन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली कारला १,००० ते २,००० रुपये. शिक्षकाच्या पगारात हे झोंबतं.

त्यात समृद्धीने आमची सवय बिघडवली. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. तिथे कारला १२० ची मुभा. शेलूबाजारला उतरून साध्या रस्त्याला लागलेला माणूस ८० वर आला तरी त्याला वाटतं, आपण रांगतोय. आमचे विज्ञानाचे सर सांगतात, ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही आडवं आलं हे कळून पाय ब्रेकवर जायलाच एक सेकंद लागतो. म्हणजे २२ मीटर फुकट, ब्रेक त्यानंतर.

मला हे सगळं ठाऊक होतं. तरी समोरून येणाऱ्याला डिप्पर मारणं मी नेकीचं काम समजायचो. ओळख नाही, पाळख नाही, कुणाचे तरी पैसे वाचले.

गेल्या वर्षी एका शनिवारी शाळा सुटल्यावर घरी निघालो. शाळेच्या फाट्यापासून किलोमीटरभर पुढे मामा होते. त्यांना ओलांडलं आणि समोरून एक पोरगा मोटारसायकल उडवत येताना दिसला. मी डिप्पर मारला. त्याने वेग कमी केला, हात वर करून सलाम केला. मलाही बरं वाटलं.

घरी पोचतो न पोचतो तोच फोन आला. फाट्यावर आमच्या सातवीतल्या मुलीला मोटारसायकलने उडवलं. चालवणारा थांबलाच नाही. तो माझाच पोरगा होता का? गाडीचा नंबर कुणी पाहिला नाही. वेळ मात्र जुळत होती.

मुलीचा पाय मोडला होता. बघायला गेलो. तिच्या अब्बांनी खुर्ची पुढे केली, तिच्या अम्मीने चहा आणला. “अल्लाहचा शुक्र, जान वाचली,” असं ते दोनदा म्हणाले. मग सहज विचारलं, “सर, पोलीस तर मागेच उभे होते म्हणतात. मग तो एवढ्या जोरात कसा आला असेल?”

मी चहा प्यायलो. उत्तर दिलं नाही. आजही त्यांना ते सांगितलेलं नाही.

त्यानंतर डिप्पर सोडला. माझ्यासोबत पेट्रोल वाटून येणारे गुरुजी चिडतात, “अहो, एवढी माणुसकी तरी ठेवा.” त्यांचंही एक म्हणणं खरं आहे: चलन सरळ मोकळ्या रस्त्यावर फाटतं, आणि पोरं रस्ता ओलांडतात त्या फाट्यावर कुणी उभं नसतं. गतिरोधकासाठी आम्ही दोनदा अर्ज दिला. पोच मिळाली आहे.

मुलगी तीन महिन्यांनी शाळेत आली. तेव्हापासून शाळा सुटली की पोरं पलीकडे जाईपर्यंत मी फाट्यावर थांबतो. थंडीत माझ्या अंगावर जुनं खाकी जॅकेट असतं. लांबून ते पाहून गाड्या आपोआप हळू होतात. परवा एका ट्रकवाल्याने समोरच्या जीपला माझ्याबद्दल डिप्पर मारला.